वसतिगृहाची भाजीबाग

शिक्षणासाठी शहरात आलेला शेतकऱ्याचा मुलगा पुस्तकाच्या जवळ जातो, पण मातीस दुरावतो. हातांस काम नाही आणि घरच्या पैशावर राहण्याचा संकोच, यांमुळे त्याचे मन खचण्याचा संभव असतो. यावरील मार्ग साताऱ्याने पूर्वीच दाखविला आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातील कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथील मुले श्रम करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व त्यातूनच रूढ झाले.

सातारा-सांगलीच्या वसतिगृहांनी एक गुंठा जागेपासून आरंभ करावा. जागेस निदान सहा तास ऊन मिळावे. पाण्याचा निचरा होईल असे गादीवाफे करून त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. मेथी व पालक सुमारे महिन्याभरात, तर मुळा सुमारे दीड महिन्यात काढणीस येतो. सर्व वाफे एकदम न पेरता आठवड्याच्या अंतराने पेरावेत. म्हणजे भाजी सतत मिळते.

प्रत्येक वाफा दोन-तीन विद्यार्थ्यांकडे सोपवावा. भाजी प्रथम वसतिगृहाने बाजारभावाने घ्यावी, उरलेली मंडईत विकावी. जमाखर्च विद्यार्थ्यांनीच लिहावा व मोबदला त्यांच्या नावे जमा करावा. परीक्षेच्या दिवसांत काम कमी करावे; बागकाम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. एखादा विद्यार्थी अबोल झाल्यास ते वाफ्यावरील सोबत्यांच्या ध्यानात लवकर येते. अशा वेळी व्यवस्थापकांनी आपुलकीने विचारपूस करावी व जरूर तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पिकाइतकीच पिकविणाऱ्याची निगा राखणे, हेच या बागेचे खरे उत्पन्न होय.