अर्जांतील चित्रओळी व चित्रसूची

नवी मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें, आणि १९७० सालीं सिडको स्थापन झाली. तेव्हांपासून येथील शेतकरी बंधूंस अर्जासोबत नकाशे व छायाचित्रें जोडण्याचे प्रसंग येत आले आहेत. "नकाशा ४ पाहावा" असें लिहिलें व मागाहून मध्यें एक नकाशा वाढला, तर चौथा नकाशा भलत्याच सर्व्हे नंबराचा निघतो. असे अर्ज आम्हीं महसुली नोकरींत पाहिले आहेत. यास्तव संगणकावर क्रमांक हातानें घालूं नयेत.

वर्डमध्यें चित्र निवडून 'रेफरन्सेस'मधील 'इन्सर्ट कॅप्शन' घ्यावें. 'न्यू लेबल'नें 'नकाशा' व 'छायाचित्र' हीं नांवें करावीं. दोहोंचा क्रम निराळा चालतो. चित्राखालील ओळींत गांव, सर्व्हे नंबर व तारीख असावी; नुसतें 'शेताचें चित्र' निरुपयोगी होय. मजकुरांतील उल्लेख 'क्रॉस-रेफरन्स'नें करावा. चित्राच्या परिच्छेदास 'कीप विथ नेक्स्ट' लावावें, म्हणजे चित्र एका पानावर व ओळ दुसऱ्यावर जात नाहीं. अक्षर बदलणें झाल्यास 'कॅप्शन' ही शैली एकदांच बदलावी. सर्व ओळी बदलतात.

'इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्स'नें प्रत्येक नांवाची सूची वेगळी करावी. हातानें लिहिलेली ओळ या सूचींत येत नाहीं. अखेरीस 'कंट्रोल' व 'ए' दाबून सर्व मजकूर निवडावा आणि 'एफ ९' दाबावें. क्रमांक व पृष्ठांक नवे होतात. मग छापील प्रतीवर सूचींतील प्रत्येक नकाशा सातबाराशीं ताडून पाहावा. क्रम संगणक राखतो; सर्व्हे नंबर खरा आहे कीं नाहीं, हें आपणांसच पाहावें लागतें.