छपराखालचं लाकूड

चि. बाळास,



हाटपिपल्याच्या घराचे कवेलू यंदाही फिरवून घ्यावेत की छप्परच उतरवावं, असं तू विचारलंस. अंगणातून बघून हे कळायचं नाही. भर दुपारी माळ्यावर चढ, खिडकी लावून घे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांब. पाय मात्र भिंतीच्या कडेकडेने टाक. पाच-दहा कवडसे दिसले आणि वासे धड असले तर घाबरू नकोस. वानरं नाचतात, कवेलू सरकतात, फुटतात. शाकारून घेतलं की भागतं.

पण फिरवलेले कवेलू पहिल्याच पावसात त्याच जागी पुन्हा घसरत असतील, तर खालची रीप वाकली असणार. गल्लीच्या टोकाला उभा राहून आढ्याची रेघ बघ. मध्ये बाक आलेला दिसला तर गोष्ट शाकारण्यापलीकडे गेली. मग दाभण घेऊन वाशांची भिंतीत शिरलेली टोकं टोचून बघ. सागाचा वासा मधे अनेक पिढ्या टणक राहतो. कुजतं ते टोक, कारण वळचणीचं पाणी मातीच्या भिंतीत मुरतं आणि टोक ओलंच राहतं. दाभण बोटभर आत शिरला, ठोकल्यावर बद्द आवाज आला, किंवा वाळवीची मातीची वाट भिंतीवरून लाकडावर चढलेली दिसली, तर पुढच्या वर्षावर टाकू नकोस.

आमच्या घरी आम्ही तेच केलं होतं. माजघरात ओल दिसायची आणि दरवर्षी वर ताडपत्री पडायची. तिच्याखाली हवा कोंडली, लाकूड कधी सुकलंच नाही. पाचव्या श्रावणात एका रात्री वासा भिंतीतून सुटून सासूबाईंच्या खाटेवर आला. त्या नुकत्याच पाणी प्यायला उठल्या होत्या. तो आवाज मी अजून विसरलेले नाही, म्हणून तुला इतकं लिहिते आहे.

भिंतींकडेही बघ. माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया वरखाली होतो. भेगेवर चुन्याची पट्टी लिंपून शेजारी पेन्सिलीने तारीख लिही. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. आधी तिचं बघावं लागेल. कंत्राटदार स्लॅब टाकू म्हणतो, त्याला सरळ नाही सांग. चार इंची स्लॅबचं ओझं चौरस मीटरला 250 किलोच्या आसपास जातं, कौलांचं छप्पर त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. आपल्या मातीच्या भिंती ते कशा पेलणार?

नवं छप्पर घालायचंच ठरलं तर मंगळुरी कौलांचा विचार कर. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं दूरदूर गेली. ती खाचेने एकमेकांत अडकतात, वानरांनी सहज सरकत नाहीत. त्यांना रिपा मात्र सारख्या अंतरावर, अगदी सरळ लागतात. वाकड्या जुन्या वाशांवर ती बसवून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

न्हाणीवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढताना कोणाला करवत चालवू देऊ नकोस. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसात बसते. पाणी मारून, अख्खेच उतरवा. कामावरच्या पोरांनाही हे आधीच सांग.

अक्षय्य तृतीयेनंतर लगेच काम काढ. 7-8 जूनला मृग लागतो, त्याआधी शेवटचं कौल बसायला हवं. उतरवलेला साग भंगारात देऊ नकोस. टोकं कापून टाकली की उरलेल्याच्या रिपा निघतील. सुतार ठरला की कळव. मी वैशाखात येते, माळ्यावर तुझ्याबरोबर चढेन.

तुझी,
आत्या