घरची बोली सोडू नका

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला स्वमग्नता आहे. घरी पावरी बोलतो, शाळेत मराठी. घरीही मराठीच बोलावं का? – एक पालक, धडगाव

उत्तर : मुळीच नको. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. पावरीतच बोला; वाक्यं छोटी ठेवा, उत्तरासाठी थांबा. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवा. विकतचे तक्ते कशाला? त्याच्याच ताटाचे, दप्तराचे फोटो छापून भिंतीवर लावा. झालेल्या कामाचा फोटो त्यालाच काढू द्या. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला नेणार असाल, तर आदल्या दिवशी तिथले फोटो दाखवा. तिथला ढोल त्याला सोसला नाही, तर लगेच बाहेर पडा; असा त्रास होणं हा हट्ट नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, म्हणून गटसाधन केंद्राकडे विशेष शिक्षकाची मागणी लेखीच करा.