गाभण मेंढीची वार आणि कोकराचे वजन

माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांतील मेंढपाळांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. शेवटच्या महिन्यात मेंढीला पेंड घातली, भुईमुगाचा पाला घातला, तरी कोकरू जन्मले ते लहानखुरेच आणि आईला दूधही बेताचेच. खुराक वाया गेला, असे मेंढपाळास वाटते. वस्तुतः तो खुराक ज्या मार्गाने कोकरापर्यंत पोचावयाचा, तो मार्गच अगोदर अरुंद राहिलेला असतो. हा मार्ग म्हणजे वार. काही भागांत तिला जार असेही म्हणतात.

मेंढीचा गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा असतो. तिच्या गर्भाशयाच्या आतील अंगास बटणांसारखे मांसल उंचवटे असतात. त्यांची संख्या जन्मतःच ठरलेली असून ती साधारणतः शंभराच्या आसपास असते. गर्भाचे वेष्टन यांपैकी बऱ्याचशा उंचवट्यांशी घट्ट गुंफले जाते, आणि तेथेच आईच्या रक्तातील साखर व प्राणवायू गर्भाच्या रक्तात उतरतात. दोघांचे रक्त मात्र एकमेकांत मिसळत नाही. ही जोडणी तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. वारेचे वजन दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यांत झपाट्याने वाढते आणि ७५ ते ९० दिवसांच्या सुमारास ती वाढ जवळजवळ पुरी होते. पुढे रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होत जाते, परंतु वजन फारसे वाढत नाही. कोकराचे याच्या अगदी उलट आहे. जन्मवेळच्या वजनापैकी दोनतृतीयांशाहून अधिक वजन ते शेवटच्या दोन महिन्यांत मिळविते. तात्पर्य, मेंढी गाभण आहे हे पोटावरून ओळखूही येत नाही, त्याच काळात वारेची घडण होऊन जाते.

वार ही केवळ अन्न नेणारी नळी नव्हे. ती संप्रेरकेही तयार करते. गर्भ टिकविणारे प्रोजेस्टेरॉन प्रारंभी बीजकोशातील पीतपिंडात तयार होते. दुसरा महिना संपत येता येता ते काम वार स्वतःकडे घेते. वारेतूनच दुसरे एक संप्रेरक स्रवते. ते आईच्या शरीरातील साखर गर्भासाठी राखून ठेवण्यास साहाय्य करते आणि कासेची वाढ घडविते. वार लहान राहिली तर हे स्रावही कमी पडतात. लहान कोकरू आणि आटलेली कास एकत्र दिसतात, त्याचे एक कारण येथे आहे.

आता आपल्याकडील हंगाम पाहावेत. जूनच्या पावसानंतर फळलेल्या मेंढीचे हे नाजूक दिवस जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत येतात. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात नेमकी त्याच वेळी पावसाची ओढ बसते आणि माळ करपतात. मार्चच्या आरंभी फळलेल्या मेंढीचे तेच दिवस एप्रिल-मे महिन्यांत पडतात. तेव्हा चारा नसतो हे तर खरेच. पण नुसत्या उष्म्यानेही वार खुरटते, असे परदेशांतील प्रयोगांत दिसून आले आहे. अशा मेंढ्यांना भर दुपारी रानात हिंडवू नये. पहाटे व सायंकाळी चारावे, दुपारी झाडाखाली बसवावे आणि पाणी भरपूर पाजावे. बाभळीच्या शेंगा याच दिवसांत पिकतात, त्या गोळा करून ठेवाव्यात. हरभऱ्याचे भूस, शेवरीचा पाला व रोज १०० ते १५० ग्रॅम भरडा किंवा पेंड एवढ्यावर काम भागते. शेवटच्या दीड महिन्यात हे प्रमाण २०० ते २५० ग्रॅमपर्यंत न्यावे. कराड-वाळव्याकडे उतरलेल्या कळपांना उसाचे वाढे मिळते. परंतु त्यातील ऑक्झॅलिक आम्लामुळे चुना अंगी लागत नाही, म्हणून सोबत खनिज मिश्रण अवश्य द्यावे.

सर्वच मेंढ्यांना सारखा खुराक घालणे मात्र परवडणारे नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. मेंढी फळतेवेळी तिच्या कमरेवर, कण्याच्या दोन्ही बाजूंस हात फिरवून पाहावा. मांस हाताला लागत असेल, तर मधल्या महिन्यांतील थोडीशी ओढ ती निभावून नेते. कधी कधी तिची वार उलट थोडी मोठीच होते. कण्याची हाडे टोचत असतील, तर अशा मेंढीला ही सवलत नाही. तिला आधी वेगळी काढावी.

पहिलटकरणीची गोष्ट निराळी आहे. अंगाने अजून वाढत असलेल्या मेंढीला लाडाने पोटभर खुराक घातला तर कोकरू मोठे होईल, असा समज आहे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेतील प्रयोगांत नेमके उलटे आढळले. अतिखुराकावर ठेवलेल्या कोवळ्या मेंढ्यांच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन घटले. खाल्लेले अन्न त्यांच्याच अंगी लागले, वार लहान राहिली आणि कोकरे हलक्या वजनाची झाली. म्हणून अशा मेंढीला मध्यम खुराक द्यावा, आणि शक्यतो पूर्ण वाढ होण्यापूर्वी मेंढा लावूच नये. जतकडील थोराड माडग्याळ मेंढ्या लवकर मोठ्या दिसतात, तेथे ही घाई विशेष होते.

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोल मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध केला. त्या मेंढ्या पाळणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानी ठेवावा. कोकरे दोन झाली तरी गर्भाशयातील बटणे तेवढीच राहतात. ती दोघांत वाटली जातात. प्रत्येक बटण काहीसे मोठे होऊन तूट अंशतः भरते, पूर्ण भरत नाही. जुळ्यांची प्रत्येकी वजने कमी भरतात ती यामुळेच, आणि हलके कोकरू थंडीच्या रात्री प्रथम दगावते. अशा कोकरास जन्मल्यावर तासाभराच्या आत चीक पाजावा व गोणपाटाच्या उबेत ठेवावे.

व्याल्यानंतर पडलेली वार सहसा कोणी पाहत नाही. ती कुत्र्यांच्या तोंडी जाते. ती खोल पुरावी हे खरे, पण त्याआधी हातांत पिशवी घालून एकदा उलगडून पाहावी. बटणे थोडी व बारीक दिसली, तर ती मेंढी पुढच्या खेपेस दुसऱ्या महिन्यापासूनच निराळ्या खुराकावर धरावी.