जनुकाची ओळख कशी पटते?

पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे आपण हाताने उडवून लावतो. त्यांतलीच एक फळमाशी, ड्रॉसोफिला. तिच्या अंगी सुमारे १४ हजार जनुके आहेत. एवढ्यांतून हवे ते ओळखतात कसे, असे मुलांनी विचारल्यास काय सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. त्यावरून त्या जनुकाला 'व्हाइट' हे नाव पडले आणि ते कोणत्या गुणसूत्रावर आहे हेही कळले. परंतु जनुक प्रत्यक्ष हाती येण्यास १९८१ साल उजाडले. नाव ठाऊक, गाव ठाऊक, घर मात्र सापडत नव्हते!

ते सापडले एका भटक्या पाहुण्यामुळे. डी.एन.ए.चे काही तुकडे एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसतात. त्यांस ट्रान्स्पोझॉन म्हणतात. मक्याचा अभ्यास करताना बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी त्यांचा शोध लावला; त्याबद्दल त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'कोपिया' नावाचा असा तुकडा व्हाइट जनुकात शिरल्याने काही माश्यांचे डोळे जर्दाळूच्या रंगाचे झाले होते. कोपिया ओळखीचा होता. त्याचा माग काढीत शास्त्रज्ञ जनुकापर्यंत पोहोचले.

१९८२ साली रुबिन व स्प्रॅडलिंग यांनी 'पी' नावाच्या तुकड्यावर बसवून हवे ते जनुक माशीत घालण्याची रीत सिद्ध केली. तेव्हापासून खूण मुद्दाम पेरता येऊ लागली. पांढऱ्या डोळ्यांच्या माशीत डोळे रंगविणारे जनुक पी तुकड्याबरोबर घालतात. संततीच्या डोळ्यांस रंग आला, की पाहुणा बसला असे समजावे. मग त्याच्या शेजारचा डी.एन.ए. वाचून, २००० साली प्रसिद्ध झालेल्या माशीच्या संपूर्ण जनुकसंचाशी ताडून पाहिला, की त्याची नेमकी जागा कळते.

पण येथेच सावध राहावयास हवे. माशीत दोष दिसला आणि जनुकात पाहुणाही सापडला. तरी कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली नसेल कशावरून? म्हणून दोन कसोट्या लावतात.

पहिली कसोटी पाहुण्याला उठविण्याची. ट्रान्स्पोझेज हे विकर पुरविले, की पी तुकडा जागा सोडतो. काही संततीत तो मागे काहीही न ठेवता निघून जातो. तेथे दोषही नाहीसा झाला, तर दोषाचे कारण तोच.

दुसरी कसोटी जुन्या नोंदींशी जुळणी करण्याची. नव्या दोषाच्या माशीचा, तशाच जुन्या दोषाच्या माशीशी संकर करतात. दोन्ही दोष प्रच्छन्न असून संतती निर्दोष निघाली, तर जनुके बहुधा निराळी. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. संतती सदोष निघाली, तर जनुक बहुधा एकच, मग त्याला दोन प्रयोगशाळांनी दोन नावे का दिलेली असेनात.

माणसाच्या रोगांशी संबंध असलेल्या अनेक जनुकांची भावंडे या माशीत आहेत. तेथे ओळख चुकली, तर रोगाचा शोध करणाऱ्यांची वर्षे आडवाटेला जातात. म्हणून संशय आला तरी दोन्ही कसोट्या लागेपर्यंत जनुकावर दोषाचा शिक्का मारावयाचा नाही. चिलटांपासून आपण एवढे शिकलो तरी पुष्कळ झाले.