दारव्ह्याहून कॉर्बेटला जाताना

प्रश्न : मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन रेल्वेने रामनगरला, कॉर्बेट पाहायला जायचे आहे. वाघ नक्की दिसेल का? प्रवास कसा आखावा?

उत्तर : वाघाची हमी कोणतेच जंगल देत नाही. फक्त वाघच पाहायचा असेल, तर आपल्याच जिल्ह्यातले टिपेश्वर अभयारण्य आधी पाहा. कॉर्बेटला जायचे ते हत्तींसाठी. उन्हाळ्यात रामगंगा जलाशयाचे पाणी ओसरते, काठावर कोवळे गवत उगवते आणि उद्यानातल्या ढिकालाच्या माळावर हत्तींचे कळप पिल्लांसह उतरतात. नदीत घडियाल मगरीही दिसतात. १९३६ साली स्थापन झालेले कॉर्बेट हे देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान. व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही १९७३ मध्ये इथूनच झाली.

शकुंतला रेल्वे बंद असल्याने दारव्ह्याहून एसटीने नागपूर गाठा, तिथून दिल्ली. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा : नागपूरच्या बहुतेक गाड्या नवी दिल्ली किंवा निजामुद्दीनला पोचतात, रामनगरची गाडी मात्र जुन्या दिल्लीहून पकडायची असते. आई-वडील सोबत आहेत, तेव्हा मध्ये एक मुक्काम कराच.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. पण ढिकालाच्या विश्रामगृहाची खोली हाती आल्याशिवाय तारखा पक्क्या करू नका, कारण तिथली पहाट आणि संध्याकाळ मुक्कामाला राहणाऱ्यालाच मिळते. खोली नाहीच मिळाली, तर वनखात्याची कँटरफेरी घ्या. बेत जूनवर मात्र ढकलू नका. १५ जूनला ढिकाला पावसाळ्यासाठी बंद होते.