‘स्प्रिंग अवेकनिंग’ : रॉक गीताचे स्वगतरूप

फ्रांक वेडेकिंड ह्या जर्मन नाटककाराने १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फ्रूलिंग्स एरवाखेन’ ह्या नाटकाला ‘बालकांची शोकांतिका’ असे उपशीर्षक दिले होते. वयात येणारी शाळकरी मुले, देहाविषयी त्यांच्याशी चकार शब्द न बोलणारे आईबाप व शिक्षक, आणि ह्या मौनातून ओढवणारे मृत्यू हे त्याचे आशयसूत्र. रंगमंचावर येण्यास त्याला पंधरा वर्षे लागली. १९०६ साली माक्स राइनहार्ट यांनी बर्लिनमध्ये त्याचा प्रयोग केला, तोही परीक्षकांची कात्री लागलेल्या संहितेचा. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी स्टीव्हन सेटर (संहिता व गीते) आणि डंकन शीक (संगीत) यांची रॉक संगीतिका न्यूयॉर्कमध्ये अवतरली. मायकेल मेयर दिग्दर्शित हा प्रयोग डिसेंबर २००६ मध्ये ब्रॉडवेवर आला, पुढील वर्षी त्याला आठ टोनी पुरस्कार मिळाले आणि जानेवारी २००९ पर्यंत त्याचे ८५९ प्रयोग झाले.

ह्या यशाचे श्रेय बहुधा विषयाच्या धीटपणाला आणि रॉकच्या तरुण आवाहनाला दिले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. धीट विषय आणि रॉक हे दोन्ही ‘हेअर’पासून, म्हणजे १९६० च्या दशकापासून, तेथे होतेच. येथे नवीन आहे ते गीताचे संहितेतील स्थान.

‘ओक्लाहोमा!’ (१९४३) नंतरच्या अमेरिकन संगीतिकेत गीताने कथानक पुढे न्यावे, ही अपेक्षा रूढ झाली. आपल्या परंपरेत ‘सौभद्रा’तील पद पुष्कळदा संवादाचेच काम करते, पुढे गंधर्वयुगात ते मैफलीकडे झुकले. दोन्ही ठिकाणी गाणारे पात्र कोणाला तरी उद्देशून गाते : कधी समोरच्या पात्राला, कधी ‘वन्स मोअर’ देणाऱ्या प्रेक्षकाला. सेटर-शीक यांचे गीत कोणालाच उद्देशून नाही. कथानक तेथे थांबते. संवाद एकोणिसाव्या शतकातील संयत, काहीशा ताठर भाषेत चालतात. लॅटिनच्या तासाला मास्तरांच्या छडीखाली उभा असलेला मुलगा एकाएकी कोटाच्या आतून मायक्रोफोन काढतो आणि आजच्या भाषेत गाऊ लागतो. गाणे संपताच मायक्रोफोन खिशात जातो, मुलगा पुन्हा बाकावर. वर्गात काहीच घडलेले नसते. आपल्या नाट्यशास्त्राच्या परिभाषेत ह्या गीतांना पद म्हणण्यापेक्षा स्वगत म्हणणे अधिक योग्य ठरेल. म्हणूनच येथे रॉकचा कालविपर्यास हा दोष राहत नाही. उच्चारता येते ते १८९१ चे, उच्चारता येत नाही ते आजचे, अशी ती विभागणी आहे. (सर्व प्रौढ भूमिका एकच नट व एकच नटी करतात, हेही ह्याच दृष्टीने लक्षणीय आहे : मुलांच्या लेखी वडीलधारे सारे एकाच चेहऱ्याचे.)

मात्र ह्या रचनेची किंमत मोजावी लागली आहे, आणि ती कौतुकाच्या भरात दुर्लक्षिली गेली. वेडेकिंडच्या नाटकात गवताच्या माळ्यावरील प्रसंगी वेंडला मेल्खिओरला वारंवार ‘नको’ म्हणते. तो तिच्यावरील बळजबरीच आहे. ब्रॉडवेच्या संहितेत ती अखेर होकार देते. नायकाचे अंतरंग गीतांतून इतके जवळून ऐकवल्यावर त्याला अपराधी ठरवणे अवघड झाले असावे. स्वगत सहानुभूती निर्माण करतेच; परंतु मूळ लेखकाने ती इतक्या सहजी दिली नव्हती. शेवटही असाच सौम्य झाला आहे. मूळ नाटकात मृत मॉरित्झ आपले शिर काखेत घेऊन मित्राला मरणाकडे बोलावतो आणि एक मुखवटाधारी गृहस्थ त्याला जगण्याकडे ओढून नेतो. (१९०६ च्या प्रयोगात ही भूमिका स्वतः वेडेकिंडने केली होती.) संगीतिकेत तो गृहस्थ नाही; मृतांचे आत्मेच मेल्खिओरला जगण्याचे बळ देतात. मूळचा उपरोध येथे हरवतो.

लंडनमध्ये २००९ साली हॅमरस्मिथच्या लिरिक नाट्यगृहातून हा प्रयोग वेस्ट एंडला गेला, पण नियोजित मुदतीआधीच मे महिन्यात बंद पडला. पुढल्या वर्षी त्यालाच सर्वोत्कृष्ट नव्या संगीतिकेचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला! तिकीटविक्री आणि परीक्षकांची पसंती यांतील हे अंतर आपल्यालाही अपरिचित नाही.

संहितेतील स्वगततत्त्वाची खरी कसोटी लागली ती डेफ वेस्ट थिएटरच्या, २०१५ साली ब्रॉडवेवर आलेल्या प्रयोगात. दिग्दर्शक मायकेल आर्डेन यांनी वेंडला व मॉरित्झ ह्या भूमिका कर्णबधिर कलावंतांना दिल्या. ते खुणांच्या भाषेत बोलत आणि प्रत्येकाचा ‘आवाज’ दुसरा नट रंगमंचावरच बरोबर राहून गात असे. १८८० च्या मिलान परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणातून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला होता, म्हणजे नाटकाचा काळ आणि ह्या बंदीचा काळ एकच. त्यामुळे वर्गात मुलाला तोंडाने बोलण्याची सक्ती करणारा मास्तर हे दिग्दर्शकाने वरून चिकटवलेले रूपक वाटत नाही. मायक्रोफोनने जे सुचवले होते, ते येथे दोन देहांत विभागून दिसू लागते. आरंभी वेंडला आरशाच्या चौकटीपुढे उभी राहते. पलीकडे प्रतिबिंबाच्या जागी तिचा आवाज असतो, हातात गिटार घेऊन.